वाफ्याची कड

पहिला जोराचा पाऊस ओसरला की अंगणातील वाटेवर गाळाचा पातळ थर साचलेला दिसतो. हा गाळ म्हणजे वाफ्यातील, शेणखत घालून जोपासलेली वरची माती. वाफ्याला कड हवी ती आधी यासाठी. शोभेचा विचार नंतरचा.

कडेचे दुसरे काम हरळी रोखण्याचे. हरळी जमिनीवरून पसरते, तशीच जमिनीखालूनही सरकते. त्यामुळे नुसती वर मांडलेली कड तिला अडवत नाही. कडेचा निम्मा भाग तरी जमिनीत गाडलेला असावा. लव्हाळ्यापुढे मात्र कोणत्याच कडेचे काही चालत नाही. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

विटांचा हिशेब सोपा आहे. १० फूट लांब व ३ फूट रुंद वाफ्याचा परीघ २६ फूट. ९ इंची विटा टोकाला टोक लावून आडव्या ठेवल्यास सुमारे ३५ पुरतात. ४ इंची बाजू समोर ठेवून उभ्या रोवल्यास ७८ लागतात. खर्च दुपटीहून अधिक खरा. परंतु ३ इंच जाडीची आडवी वीट निम्मी गाडली तरी दीड इंचच खाली जाते, तर उभी साडेचार इंच. हरळी माजलेल्या जागी उभीच रोवावी. वीट पक्की भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत नाद न आल्यास त्या परत कराव्यात. कच्ची वीट पावसात झडत जाते.

पैसा खरोखर वाया जातो तो सिमेंटमध्ये. देशावरील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. सांध्यांत सिमेंट भरलेली कड ही हालचाल सोसत नाही, तडकते. त्याऐवजी मुरूम किंवा वाळूच्या दोन इंच थरावर विटा नुसत्या बसवाव्यात. त्या हलल्या तरी अर्ध्या तासात पुन्हा ओळीत आणता येतात आणि सांध्यांतून जादा पाणी निघून जाते.

कोकणात हा प्रश्न जांभ्याने सोडवला आहे. खाणीतून काढताना हा दगड नरम असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. ‘लॅटराइट’ हे त्याचे इंग्रजी नावही विटेच्या लॅटिन नावावरून आले आहे.

शहाबादी फरशीचे तुकडे स्वस्तात मिळाल्यास उभे रोवावेत. प्लास्टिकची पट्टी उन्हाने ठिसूळ होते. बांबू देखणा असला, तरी त्याला वाळवी लागते आणि मग विषारी औषध ओतण्याची वेळ येते. ज्या घरांना जीवहत्या नको, त्यांनी तो टाळलेला बरा. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेले असते, म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याजवळ ते नकोतच.

उतारावरच्या वाफ्याला खालच्या अंगाने गवती चहाची दाट रांग लावावी. त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि पाती रोजच्या चहाला होतात.