मंदी आणि तंत्रज्ञ : लेखांक ५ – जाहिराती थांबतात, गरज थांबत नाही

मंदीची लाट परदेशी पेढ्यांपासून हिंजवडीच्या कचेऱ्यांपर्यंत कोणत्या मार्गाने येते, याचे विवेचन मागील लेखांकात केले. त्या लाटेच्या शेवटच्या टोकाला जो उभा असतो, त्याचा विचार आज करावयाचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला, अथवा पुण्यातील नोकरी सुटल्यामुळे सिडकोतील आईवडिलांच्या घरी परतलेला हा तरुण सकाळपासून संगणकासमोर बसून अर्जांमागून अर्ज धाडत असतो आणि उत्तर न आल्यामुळे दिवसेंदिवस स्वतःच्याच योग्यतेविषयी साशंक होत जातो.

या शंकेचे निरसन प्रथम केले पाहिजे, कारण खचलेल्या मनाला पुढचे काही सुचत नाही. ३१ मार्च २०२४ रोजी संपलेल्या आर्थिक वर्षात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पटावरील संख्या १३,२४९ ने आणि इन्फोसिसच्या पटावरील संख्या २५,९९४ ने घटली. ही घट बव्हंशी बरतर्फीने झालेली नव्हती. लोक आपण होऊन सोडून गेले आणि त्यांच्या जागी नवे घेतले गेले नाहीत. या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः अमेरिका व युरोप येथील ग्राहकांकडून येते. त्या ग्राहकांनी नवे प्रकल्प लांबणीवर टाकले, की आधीच नेमलेली माणसे कामावाचून बसून राहतात आणि ज्याला सहा महिने शिकवावे लागणार अशा नवागताची भरती सर्वांत आधी थांबते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळल्यानंतरही हेच घडले होते. नेमणुकीची पत्रे हाती असलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना रुजू होण्याच्या तारखेची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. ज्या निर्णयात उमेदवाराचे नावही कोणी वाचलेले नसते, त्या निर्णयाला त्याने आपल्या गुणवत्तेवरील निकाल समजू नये.

मात्र केवळ सांत्वनाने पोट भरत नाही. म्हणून रिक्त पद निर्माण कसे होते, हे बारकाईने पाहू. एखाद्या आस्थापनेत प्रथम एक गरज उत्पन्न होते. नंतर तिच्यासाठी पैशाची तरतूद होते. मग वरिष्ठांची मंजुरी मिळते आणि सर्वांत शेवटी जाहिरात निघते. मंदी या साखळीतील दुसरा आणि तिसरा दुवा तोडते. पहिल्याला ती सहसा हात लावत नाही, उलट खर्चात कपात करण्याची निकड वाढल्यामुळे काही गरजा अधिकच तीव्र करते. जो उमेदवार केवळ जाहिराती पाहतो, त्याला सारे काम संपलेले दिसते. आणि जो गरजांचा मागोवा घेतो, त्याला कामाचा ठाव लागण्याचा संभव राहतो. आजच्या लेखांकाचे सार एवढेच आहे.

या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर या आपल्या शहराकडे पाहू. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००१ साली शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचे उद्घाटन झाले. या मोठ्या नावांच्या पाठीमागे वाळूज व चिकलठाणा येथील लहानमोठ्या पूरक कारखान्यांची दाटी आहे, आणि तंत्रज्ञाचे न शोधलेले काम तेथे आहे. अशा कारखान्यात लाखो रुपयांचे सीएनसी यंत्र उभे असते, पण ते दिवसातून किती वेळ आणि कशामुळे बंद राहते याची नोंद पर्यवेक्षकाच्या वहीत अंदाजाने होते. सदोष निघालेला भाग कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर तयार झाला हे मोठ्या कंपनीने विचारले, की जुने कागद चाळावे लागतात. विजेच्या बिलात कमाल मागणीचा आकार वाढतो, पण कोणती यंत्रे एकाच वेळी सुरू झाल्यामुळे तो वाढला हे मोजले जात नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचे ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. तथापि भांडाराचा हिशेब, उत्पादनाची नोंद आणि बिल ही तीन खाती अनेक ठिकाणी अद्याप परस्परांशी जोडलेली नाहीत. यांपैकी कोणत्याही कामाची जाहिरात निघत नाही, कारण हे काम तंत्रज्ञाकडून करवून घेता येते हेच पुष्कळदा मालकाच्या ध्यानी आलेले नसते.

हा मार्ग निष्कंटक आहे असे मी म्हणणार नाही. कारखानदारीलाही मंदी चुकलेली नाही. २०१९ साली वाहनांची विक्री घसरली तेव्हा वाळूजमधील पाळ्या कमी झाल्या. याच शहरात वाढलेल्या आणि चितेगावात मोठा कारखाना उभारणाऱ्या व्हिडिओकॉनने २००५ साली थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, पुढे सपाट पडद्यांनी ते तंत्रच कालबाह्य केले, इतर व्यवसायांतील कर्जाचा भारही वाढत गेला आणि २०१८ साली हा समूह दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेला. शिवाय लहान कारखान्यातील वेतन पुण्याच्या मानाने कमी असते. असे असूनही हे काम पत्करण्याजोगे का, याचे उत्तर मराठवाड्याच्या स्मृतीत आहे.

१९७२ च्या दुष्काळात या प्रदेशाने हजारोंच्या संख्येने माणसे कामावर जाताना पाहिली आणि त्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ साली झाला. दुष्काळी कामे दोन प्रकारची होती. खडी फोडण्याच्या कामाने त्या दिवसाची मजुरी मिळे, परंतु ढिगारे पुष्कळदा तसेच पडून राहत. पाझर तलावाच्या कामाने मजुरी तर मिळेच, शिवाय पुढच्या पावसाचे पाणी अडे आणि खालच्या विहिरींना आधार होई. एकच मजकूर शेकडो ठिकाणी धाडत राहणे हे खडी फोडण्यासारखे आहे. याउलट एका कारखान्यातील एका यंत्राचा थांबण्याचा वेळ आपोआप नोंदवणारी व्यवस्था उभारून दाखवणे, हे तळे बांधण्यासारखे आहे. सुकाळ परतला आणि पुण्याची दारे उघडली तरी ते काम उमेदवाराच्या नावावर जमा राहते आणि मुलाखतीत बोलण्यासारखे त्याच्यापाशी खरोखरीचे काही असते.

प्रत्यक्ष आरंभ असा करावा. एका प्रकारचा उद्योग निवडून त्यातील दोन-तीन कारखाने आतून पाहावेत. त्यासाठी तेथे नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना निःसंकोचपणे गाठावे, कारण काम पाहू द्या अशी विनंती करण्यात कोणताही कमीपणा नाही. पाहिल्यानंतर एका पानाची दरखास्त मराठीत लिहावी : अडचण कोणती, तिच्यामुळे आज किती नुकसान होते, आपण काय करून देऊ, किती मुदतीत आणि किती मोबदल्यात. मोबदला अल्प असला तरी चालेल, पण तो ठरलेला असावा. मुदतीवाचून फुकट राबणे दोघांच्याही हिताचे नसते. यंत्रांचे ज्ञान कमी पडत असेल तर चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम आणि विद्यापीठाच्या परिसरातील नाइलिट या संस्थांकडे वळावे. स्वतःचा उद्योग मनात असेल तर मराठवाड्यातील उद्योजकांनी उभारलेल्या मॅजिक या संस्थेत चौकशी करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अभियांत्रिकी पदवीधरांनाही उमेदवारी करता येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

एका धोक्याची सूचना येथेच दिली पाहिजे. टंचाईच्या काळात नोकरी लावून देतो म्हणून अनामत किंवा प्रशिक्षणाचे शुल्क मागणारे इसम फार होतात. नेमणुकीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा हा कामाचा दाता नव्हे, हे पक्के समजावे. ऑनलाइन पैसे देऊन फसवणूक झालीच तर विलंब न लावता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हे सारे ओझे एकट्या तरुणाच्या खांद्यावर टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. घरच्यांनी रोज संध्याकाळी 'काही झाले का?' असे विचारण्याऐवजी त्याला वर्षभराची मुदत आणि विश्वास द्यावा. आणि आपल्या गावात शिकलेली मुले पुण्यामुंबईस जातात अशी खंत करणाऱ्या कारखानदारांनी आपल्या यंत्रांपर्यंत त्यांना येऊ द्यावे. या शहराने चार दशकांत उद्योग उभे केले. त्या उद्योगांत आपल्या मुलांच्या बुद्धीला जागा करून देण्याचे काम अद्याप अपुरे आहे आणि मंदी हीच त्याची योग्य वेळ आहे.

ज्यांची नोकरी अचानक गेली त्यांच्या हक्काचे काय, म्हणजे नोटिशीची मुदत, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळणारा बेकारीतील आधार यांचे नियम कोणते, याचा विचार पुढील लेखांकात करू.