आंबवणाला आवाजाची जोड

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातले, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातले गाव. विदर्भातल्या अशा गावांना आंबवण नवे नाही. ज्वारीचे पीठ भिजवून आंबवायचे आणि त्याची आंबील उन्हाळ्यात प्यायची, ही इथली जुनी रीत. हेच तंत्र उत्तर भारतात गाजर-बिटाला लावतात. मीठ आणि मोहरीच्या पाण्यात फोडी काही दिवस मुरल्या की कांजी तयार होते. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू भाजीतली साखर खातात, रस आंबट होतो आणि घातक जंतूंना तिथे वाढणे कठीण जाते.

घरच्या बरणीपुरते हे सोपे आहे. बाटलीत भरून विकायचे म्हटले की अडचणी येतात. गाळ खाली बसतो आणि आंबटपणा वाढतच राहतो. रस तापवला तर तो टिकतो, पण उपयोगी जिवाणू मरतात आणि ताजी चव जाते.

इथे अल्ट्रासाउंडचा विचार होतो. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी जलद, लाखो कंपनांचा, पण सौम्य आवाज वापरतात. रसासाठी मात्र साधारण २० ते १०० हजार कंपनांचा जोरकस आवाज लागतो. त्याने द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि क्षणात कोसळतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांचे पंखे का झिजतात, या प्रश्नातून लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये अशा कोसळण्याचे गणित मांडले. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत डॉ. अनिरुद्ध पंडित यांनी कॅव्हिटेशनवर दीर्घ संशोधन केले आहे.

बुडबुडा कोसळताना अगदी लहान जागेत प्रचंड उष्णता आणि दाब निर्माण होतो. त्याने भाजीच्या पेशी फुटतात. रंगद्रव्ये आणि साखर रसात उतरते, कण बारीक होऊन गाळ कमी बसतो आणि जिवाणूंना खाद्य सहज मिळते.

पण आवाज केव्हा द्यायचा, यावर सारे अवलंबून आहे. आंबवण्याआधी दिला तर तो मदतनीस ठरतो. आंबवताना द्यायचा तर अगदी सौम्य हवा. तेवढ्याने जिवाणूंच्या पेशीभित्तीतून देवाणघेवाण वाढू शकते. आंबवून झाल्यावर जोरात दिला तर ज्यांच्यासाठी रस प्यायचा तेच जिवाणू मरू शकतात. मात्रा जास्त झाली तर पाण्याचे रेणू फुटून क्रियाशील कण तयार होतात आणि वास-चव बिघडते. रस तापतो, म्हणून भांडे थंड ठेवावे लागते.

ढाणकीसारख्या गावात एखाद्या बचत गटाने असा उद्योग काढायचा ठरवला, तर पहिला खर्च यंत्रावर नको. स्वच्छ भांडी, मिठाचे नेमके माप आणि आम्लता तपासणारे साधन आधी हवे. अस्वच्छ बरणीतला दोष आवाजाने झाकला जात नाही. ही घडी बसली, आणि गाळ व फिका रंग एवढ्याच तक्रारी उरल्या, तर आंबवण्याआधी काही मिनिटांचा आवाज विचारात घ्यावा.