मशीन कोणाचं?

मशीन बंद पडलं की फिटरला हाक मारायची, ही कारखान्यांची जुनी रीत. १९५१च्या सुमारास अमेरिकेतून जपानमध्ये दुसरी रीत पोचली. बिघाडाची वाट बघायची नाही. ठरावीक तास भरले की मशीन उघडायचं आणि भाग बदलायचे, झिजलेले असोत वा नसोत. ऐकायला शहाणपणाची वाटते, पण तिच्यातली खोट दुसऱ्या महायुद्धातच दिसली होती. ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी चाळताना सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दर ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड उलट वाढतात आणि मग हळूहळू ओसरतात. बरं चाललेलं उघडून आपणच बिघडवत होतो!

१९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी हेच आकड्यांत मांडलं. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मुदत घालून काहीच साधत नव्हतं. डीसी-८ विमानात ३३९ भागांचं मुदतीनुसार ओव्हरहॉल होई. डीसी-१०मध्ये फक्त ७ भागांचं.

जपानी कारखान्यांची अडचण निराळी होती. आयची प्रांतातली निप्पॉनडेन्सो कंपनी टोयोटाला विजेचे सुटे भाग पुरवी. साठच्या दशकात तिथे स्वयंचलित मशीनं इतकी वाढली, की मेंटेनन्स खात्याचे हात पुरेनात. तेव्हा रोजची निगा ऑपरेटरकडे आली: पुसणं, ऑइलिंग, नट आवळणं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हेच. 'मी चालवणार, दुरुस्त तू कर' ही वाटणी मोडली. फडकं फिरवताना सैल नट हाताला लागतो, गळतं तेल दिसतं, तापलेलं बेअरिंग कळतं; म्हणजे पुसणं हीच तपासणी. १९७१मध्ये कंपनीला यासाठी पुरस्कार मिळाला आणि जपानी मेंटेनन्स-तज्ज्ञ सेइइची नाकाजिमांमुळे 'टीपीएम' (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) हे नाव जगभर गेलं. (आपल्याकडेही मशीन लख्ख होतं, पण दसऱ्याच्या पूजेला. झेंडूचा हार सुकेपर्यंत त्यावर पुन्हा बुरा साचलेला असतो.)

नाकाजिमांनी मोजमापही दिलं: मशीन हजर किती वेळ, चाललं किती वेगानं आणि चांगला माल किती, या तिन्हींचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के हे आकडे सुटेसुटे पाहिले तर झकास. गुणाकार मात्र ८५च्या आतच राहतो. छोटे थांबे, सेटिंगला गेलेला वेळ, रिजेक्शन यांना लपायला जागा उरली नाही. पुढे हाच आकडा बोनसला जोडला गेला आणि लपायच्या नव्या जागा सापडल्या, तो भाग वेगळा.

भारतात नव्वदच्या दशकात वाहन उद्योगानं टीपीएम उचललं आणि पुणे-औरंगाबादच्या पुरवठादारांपर्यंत ते झिरपलं. आता कंपनांवर नजर ठेवणारे सेन्सर आले आहेत. बेअरिंग जाणार हे ते आठवडाभर आधी सांगू शकतात, आणि ते कामाचंच आहे. पण निप्पॉनडेन्सोचा ऑपरेटर वर्षानुवर्षं त्याच कंपनीत राहणारा होता, ही गोष्ट आपण पद्धत उचलताना मागे ठेवली. चाकण-वाळूजच्या लाइनवर आज कितीतरी पोरं काही महिन्यांच्या करारावर उभी असतात. मशीनचा नेहमीचा आवाज कानात बसेपर्यंत करार संपतो. त्या जागी नवा मुलगा येतो, आणि स्वच्छतेच्या तक्त्यावर टिक मात्र रोज पडलेली असते.