शिवारातला शिक्रा

परभणीच्या शिवारात बांधावरच्या कडुनिंबातून एकाएकी साळुंक्यांचा गलका उठला आणि खार शेपटी झटकत किटकिटू लागली, की पक्षीनिरीक्षकाची दुर्बीण आपसूक तिकडे वळते. पानांच्या सावलीत बहुधा शिक्रा असतो. जेमतेम 30 सेंटिमीटर लांबीचा हा शिकारी, पण अख्ख्या झाडाला त्याचा धाक!

रंगावर मात्र भिस्त ठेवता येत नाही. नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर विटकरी रंगाचे बारीक आडवे पट्टे, डोळा लाल. मादी मोठी, पाठीला तपकिरी झाक, डोळा पिवळा-नारिंगी. वर्षाच्या आतल्या पिल्लाची छाती तर उभ्या, थेंबांसारख्या ठिपक्यांनी भरलेली. तिघं शेजारी बसले तर नवख्याला तीन जाती वाटाव्यात. म्हणून जाणकार आधी गळा पाहतात. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक पुसटशी राखाडी रेघ असते. बेसरा या दुसऱ्या शिकारी पक्ष्याची तीच रेघ ठळक, काळपट. पण तो दाट जंगलाचा, कापूस-तुरीच्या मोकळ्या रानात त्याची अपेक्षा नसते.

विजेच्या तारेवर किंवा खांबावर उघड्यावर बसून खालच्या गवतातले टोळ, सरडे न्याहाळणारा तिसा वेगळाच. गळ्यावर एक आणि गालांवर दोन अशा काळ्या रेघा, प्रौढाचा डोळा पांढरा. बसण्याच्या जागेवरूनच निम्मं काम होतं.

खरा चकवा पावशाचा. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला ठाऊक असलेला हा पक्षी गप्प असला, की रंगाने आणि उडण्याच्या ढबीने शिक्राच वाटतो. छोटे पक्षीही त्याला पाहून बिथरतात. अशा वेळी चोच बघावी. पावशाची जवळजवळ सरळ, शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली. पाय दिसले तर प्रश्नच मिटतो: पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे, शिक्र्याची तीन पुढे, एक मागे.

हिवाळ्यात युरेशियन स्पॅरोहॉक पाहुणा येतो, तेव्हा मात्र जीव ओतून पाहावं लागतं. त्याच्या गळ्यावर मधली रेघ नसते. तो डोक्यावरून घिरट्या घालत असेल, तर पंखाच्या टोकाशी फाकलेली पिसं मोजायची. शिक्र्याची पाच, याची सहा. उडत्या पक्ष्याची पिसं डोळ्यांनी मोजणं अवघड, म्हणून हल्ली चार-सहा फोटो काढून ते सावकाश मोठे करून पाहिले जातात. एकाच फोटोत पंख अर्धवट मिटलेला असला की मोजणी चुकते.

शिक्र्याची ‘टी-टुई’ अशी दोन स्वरांची हाक कानाला लगेच ओळखू येते. पण कोतवाल तिची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे हाक ऐकू आली तरी पक्षी दिसेपर्यंत वहीत नाव लिहिलं जात नाही.