वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी...

कापूस पिकतो आपल्या शेतात, पण एकेकाळी त्याचे मोठे सौदे व्हायचे मुंबईच्या कॉटन ग्रीनला. तिथं गाठींचा भाव ठरताना पिकवणाऱ्याला विचारतो कोण? कोर्टातही शेतकऱ्याची गत अशीच होते. जमीन आपली, दावा आपला. पण कागद वकिलाच्या कपाटात आणि आपण बाहेर बाकड्यावर. ‘पुढची तारीख पडली’ एवढंच कानावर येतं.

कॉटन ग्रीनहून लोकलनं पाचवं स्टेशन सीएसएमटी. तिथून जवळच एस्प्लनेड कोर्ट. तिथं काही वकील अशील गाठायला धावतात, एकमेकांची कामं ओढतात, अशी तक्रार साठच्या दशकात झाली होती. महाराष्ट्र बार कौन्सिलनं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. अशील असं ओढणं हे गैरवर्तनच, असं न्यायालयानं १९७५ साली बजावलं. वकिली म्हणजे बाजारातलं दुकान नव्हे.

शेतकरी बंधूंनो, तीन गोष्टी गाठीला बांधा.

पहिली, भूसंपादनाचा मोबदला वाढवून मिळाला की त्यात वकिलाचे ‘इतके टक्के’, हा ठराव बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली हे पुन्हा स्पष्ट केलं. फी आधीच ठरवा, लिहून घ्या, पावती मागा. वकिलाकडं दिलेल्या पैशाचा हिशेब मागणं हा तुमचा हक्क आहे.

दुसरी, फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २००० साली तसा निकाल झाला. फीसाठी त्यानं वेगळा दावा करावा.

तिसरी, वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाऊन उपयोग नाही. २०२४ च्या निकालानं ती वाट बंद झाली. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडं लेखी तक्रार करावी. मात्र केस हरली एवढ्यावरून वकील दोषी ठरत नाही.

आपलंही एक कर्तव्य आहे. खोटा साक्षीदार उभा करा, असं वकिलाला सांगू नये. तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही दाव्यासाठी मागची तारीख टाकून दाखला देऊ नये. वकील तुमचा असला तरी कोर्टाशी खरं वागायला तो बांधलेला आहे. ‘साहेब, हे जमणार नाही’ असं तोंडावर सांगणारा वकील भेटला, तर त्याला सोडू नका.