गोठ्याची खोली, जुन्या लाकडाचं सामान

मैत्रिणींनो, ट्रॅक्टर आले तसे आपल्या अमरावती-अकोल्याकडचे किती तरी गोठे रिकामे पडले. घरकुल मंजूर झालं की जुनं धाब्याचं घर पाडायचं आणि बांधकाम होईपर्यंत गोठ्यातच संसार मांडायचा, हेही गावोगावी दिसतं. पुढं तीच खोली पोरीच्या अभ्यासाला, शिलाई मशीनला, नाहीतर गटाच्या बैठकीला कामी येते. अडतं ते सामानापाशी. अन् नेमका त्याच दिवसांत जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो, आपली नड पाहतो आणि सारं लाकूड उक्तं मागतो.

उक्तं देऊ नका. धाब्याच्या घराच्या मयाली, खांब, चौकटी पुष्कळदा जुन्या सागाच्या असतात. सागाच्या गाभ्यात तेल असतं, म्हणून त्याला उधई सहसा लागत नाही. बाहेरचा पांढरट भाग मात्र ती खाते. खिळ्यानं टोचून पाहा, ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर आतून पोकळ समजा.

मोजायचं कसं? लाकडाचा भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा अन् 144 नं भागा. 6 फूट लांब, 12 इंच रुंद, 1 इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. गटाचं व्याज काढणाऱ्या बायांना हे काय जड आहे, माय! दुसऱ्या गावाहून साग आणायचा असेल तर वाहतुकीच्या परवान्याचं वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा आणि विकणाऱ्याची पावती जपून ठेवा.

आरामशीनवर नेण्याआधी सगळे खिळे उपटा, नाहीतर पातं तुटतं. जुन्या दाराचा दिवाण होतो, मयालीच्या फळ्यांचं फडताळ होतं. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, ती धूळ लेकरांच्या पोटात जाते. ओलं करून घासा, लेकरांना लांब ठेवा.

सामान मांडण्याआधी जमीन पाहा. गोठ्याची माती गोमूत्र पिऊन बसलेली असते. ती ओल धरते, भिंतीला लोणा लागतो. वरची अर्धा फूट माती खोदून वावरात टाका, चांगलं खतच आहे. नवा मुरूम भरून चोपा, वाळू द्या. मग प्रत्येक पायाखाली वीट ठेवा आणि सामान भिंतीपासून चार बोटं दूर लावा, म्हणजे उधईची वाट लगेच दिसते.

जुन्या बाजारातली खाट घेतली तर घरात नेण्याआधी सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओता. ढेकूण तिथंच लपतात. बंद पडलेला फ्रीज कपाट म्हणून चालतो, पण दाराची पकड आधी काढून टाका. खेळता खेळता लेकरू आत कोंडलं तर श्वास घुसमटतो.

एक वस्तू मात्र फुकट मिळाली तरी आणू नका: फवारणीच्या औषधाचा ड्रम. आपल्या कपाशीच्या मुलखात तो सहज मिळतो, ‘तीनदा धुतला’ असंही सांगतात. पण विष प्लास्टिकमध्ये मुरतं, धुतल्यानं पूर्ण निघत नाही. पाण्याला नको, तुरीच्या डाळीला नको, ढोरांच्या ढेपेलाही नको. भोकं पाडून निकामी करा, म्हणजे दुसरी कोणी बाई उचलून नेणार नाही.