फुरसे रत्नागिरीचे, विष तामिळनाडूचे

पावसाळ्यात रत्नागिरीच्या सड्यावर गवत वाढले की जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत काचेच्या नळ्यांचे काम वाढते. बागेत गवत कापताना, चिरेखाणीत दगड उचलताना किंवा काळोखात गडगा ओलांडताना पायाला काहीतरी डसलेले असते. डॉक्टर शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेतात, ते कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत ठेवतात आणि घड्याळाकडे पाहतात. वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही. मग ती कलती करायची. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर विष अंगात भिनले आहे. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो, म्हणून ती नवीच लागते.

कोकणात असा दंश बऱ्याचदा फुरशाचा असतो. हातभरसुद्धा लांब नसलेला हा साप खवल्यांवर खवले घासून करवतीसारखा आवाज करतो. त्याच्या विषातला एकॅरिन नावाचा घटक रक्त गोठवणारी यंत्रणा विनाकारण सुरू करून देतो. त्यात गोठण्याचे द्रव्यच संपून जाते आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. यावर उपाय एकच, प्रतिविष, ज्याला लोक सापाची लस म्हणतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. सुरुवातीला ८ ते १० कुप्या देतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप माणसाचे वजन पाहून विष सोडत नाही. सहा तासांनी पुन्हा तीच नळीची चाचणी होते, आणि रक्त गोठत नसेल तर पुन्हा लस.

ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. तिचे १ मिलिलिटर फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते, असे प्रमाण ठरलेले आहे. पण कुठल्या फुरशाचे? लस बनवण्यासाठी घोड्यांना टोचले जाणारे विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून येते. ही संस्था १९७८ची आणि तिचे काम मोलाचे आहे. मात्र एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी आणि इतरांनीही दाखवले आहे. त्यामुळे एखाद्या रुग्णाला तिसऱ्यांदा लस द्यावी लागली, तर विष जास्त होते, रुग्ण भगताकडून उशिरा आला की लसच या विषाला पुरती जुळत नव्हती, हे खाटेशेजारी उभ्या डॉक्टरला सांगता येत नाही. मलबारी चापड्यासारख्या सापांवर तर आपल्याकडे लसच नाही.

याचे उत्तर कुणा एकाला शोधता येणार नाही. रुग्ण जिल्हा रुग्णालयात, विषाचे पृथक्करण करणारी यंत्रे बंगळुरू-मुंबईत, साप पकडण्याची परवानगी वनखात्याकडे आणि घोडे लस कंपनीकडे. म्हणून इथे संयुक्त प्रकल्पाला मिळणारे सरकारी अनुदान लागते.

कोकणातच एकट्याने केलेल्या संशोधनाचे मोठे उदाहरण आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले त्यांनी रात्र रात्र जागून पाहिली. प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध कामी येते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. तो प्रश्न नाडी, रक्तदाब आणि जागरण यांनी सुटण्यासारखा होता. फुरशाच्या विषाचा प्रश्न तसा नाही. तिथे नमुना उणे ८० अंशांत टिकवावा लागतो.

संयुक्त काम जमते, हे डहाणूत दिसले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संस्थेने तिथे डॉक्टर, आशा कार्यकर्त्या आणि भगत या तिघांनाही सर्पदंशाच्या प्रशिक्षणात घेतले. भगताला शत्रू न मानता निरोप्या करणे ही त्यातली शहाणी गोष्ट.

देशात पैसा अगदीच नाही असे नाही. २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठरले, पण त्यातले सुमारे ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे आहेत. फुरशावर पैसे लावणारा उद्योग कोण, हा प्रश्नच आहे. दंश होतो तो बागेतल्या मजुराला, आणि लस मोफत वाटायची असते. प्रतिष्ठानच्या ‘पेअर’ योजनेत मोठी संस्था चाकाचा तुंबा आणि इतर संस्था आरे, अशी कल्पना आहे. चांगली आहे. पण हे आरे म्हणजे विद्यापीठे आणि तंत्रशिक्षण संस्था. जिल्हा रुग्णालय नव्हे.

एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजाने २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली. केंद्राच्या २०२४च्या कृती आराखड्याने २०३०पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे ठरवले आहे. विष निरुपयोगी असते असेही नाही. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरून टायरोफिबान हे हृदयविकाराच्या झटक्यात वापरले जाणारे औषध परदेशी कंपनीने घडवले, आणि ते १९९८ पासून वापरात आहे.

रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. संयुक्त प्रस्तावात त्याचे नाव केवळ नमुने पाठवणारा म्हणून शेवटच्या पानावर येऊ नये, एवढे पाहायला हवे. अंदाजपत्रकात यंत्रांबरोबर पावसाळ्याचे चार महिने रात्रपाळीला बसणारी एक परिचारिका हवी. दंश किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता पोचला, किती कुप्या लागल्या, हे लिहून नमुना शीतकपाटात ठेवणारी. आज ती नळी कलती करून पाहिली, की रक्त जैविक कचऱ्यात जाते.